रेकॉर्ड केलेला कार्यक्रम वाय-फायवर अडखळतो: कोकणातल्या घरात दोष कुठे शोधायचा

डिशवरून रेकॉर्ड केलेला कार्यक्रम घरच्या वाय-फायवरून टीव्हीवर लावला की मध्येच चित्र गोठतं, गोल चक्र फिरत बसतं, मग आवाज पुढे आणि ओठ मागे. पावसाळा लागला की आणि गणपतीला घर भरलं की ही तक्रार हमखास येते. दरवर्षी तिच्यावर एकच औषधही सुचवलं जातं: इंटरनेटचा प्लॅन मोठा घ्या. पैसे जास्त झाले असतील तर जरूर घ्या. रेकॉर्डिंग घरातल्या डिस्कवर आहे, टीव्ही घरात आहे, दोघांच्या मधला राउटरही घरातच आहे. बाहेरच्या इंटरनेटचा या प्रवासात कुठेही संबंध येत नाही. बाहेरची लाइन बंद पडेल त्या दिवशी मुद्दाम करून बघा. कार्यक्रम लागतो, आणि अडखळायचा तसा अडखळतोही. म्हणून स्पीड टेस्टमध्ये शंभर एमबीपीएस दिसले तरी त्यावरून इथे काहीच ठरत नाही. तो आकडा बाहेरून घरात येणाऱ्या वाटेचा आहे. आपलं घोडं पेंड खातंय ते घरातल्या घरात.

पुढचं सगळं साधारण अशी जोडणी असणाऱ्यांसाठी आहे: छपरावर किंवा खळ्यात डीडी फ्री डिशची थाळी, तिची केबल डीव्हीबी-एस2 ट्यूनरला (डिशचा सिग्नल संगणकाला समजेल असा करणारी डबी), ट्यूनर रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकाला (पुढे नुसतं पाय) किंवा जुन्या लॅपटॉपला, त्यावर टीव्हीहेडएंड हा प्रोग्राम रेकॉर्डिंग करतोय आणि बघायला कोडी किंवा जेलीफिन हे प्रोग्राम. रेकॉर्डिंग ठेवणारं हे मशीन म्हणजे आपला सर्व्हर. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्यांना कुलूप नसतं, म्हणून हे जमतं. पैसे भरायच्या डीटीएच बॉक्समधलं रेकॉर्डिंग एनक्रिप्ट केलेलं असतं आणि साधारणपणे त्याच बॉक्सवर चालतं. ते नेटवर्कवरून दुसऱ्या टीव्हीवर न्यायच्या फंदात पडू नका.

आधी एकच चाचणी

सेटिंगला हात लावायच्या आधी हे करा. कार्यक्रम लावा, जिथे अडखळेल तिथली वेळ कागदावर लिहा, म्हणजे 14 मिनिटं 20 सेकंद असं. तीन-चार ठिकाणं टिपली की कार्यक्रम पूर्ण बंद करा, प्लेअरमधून बाहेर या आणि पुन्हा पहिल्यापासून लावा. नुसतं दहा सेकंद मागे जाऊन भागत नाही, कारण तेवढा भाग प्लेअरने आधीच स्वतःजवळ साठवलेला असतो आणि तो गुळगुळीत चालून दाखवतो.

दुसऱ्या वेळी बरोबर त्याच सेकंदांना अडखळलं, तर रेकॉर्डिंगच खराब झालंय आणि वाय-फायचा काही दोष नाही. अडखळण्याच्या जागा बदलल्या तर संशय हवेवर, म्हणजे वाय-फायवर, किंवा सर्व्हरवर. आणि कुठे थांबत नाही, चक्र फिरत नाही, पण कॅमेरा आडवा फिरला किंवा खाली बातम्यांची पट्टी सरकली की चित्र बारीक धक्के खातं, तर तो तिसराच प्रकार. नेटवर्कवाल्याला बोलवायच्या आधी ही विभागणी झालीच पाहिजे. पावसाळ्यात तर एकाच घरात तिन्ही दोष एकदम सापडतात आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर करत माणूस वैतागतो.

त्याच सेकंदाला अडकत असेल तर

फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-15, पूर्वेकडे 93.5 अंशांवर आहे. कोकणातून त्याच्याकडे बघणारी थाळी आग्नेयेला तोंड करून असते. सिग्नल येतो तो केयू बँडमध्ये, 11 गिगाहर्ट्झच्या आसपास. या लहरींना जोराचा पाऊस अडवतो. आषाढातली झड धरली की टीव्हीवर चौकोनी ठिपके येतात ते त्यामुळेच, आणि त्या वेळी रेकॉर्डिंग चालू असेल तर ते ठिपके फाइलमध्ये कायमचे बसतात. नंतर उघडीप असताना, वायर लावून, कसंही बघा, ते तिथेच राहणार.

हे डोळ्यांनी ठरवत बसायची गरज नाही. डिशवरून येणारा प्रवाह 188 बाइटच्या तुकड्यांमध्ये येतो आणि प्रत्येक तुकड्यावर 0 ते 15 असा फिरता क्रमांक असतो. 7 नंतर 9 आला की मधला हरवला हे सॉफ्टवेअरला लगेच कळतं. टीव्हीहेडएंडमध्ये पूर्ण झालेल्या रेकॉर्डिंगच्या यादीत त्रुटींचा रकाना असतो, तो बघा. तिथे शून्य असेल तर रेकॉर्डिंग स्वच्छ आहे असं धरून पुढे जा. शेकड्यात आकडा असेल तर या लेखाचा बाकी भाग आज वाचायची गरज नाही, डिशकडे जा.

डिशकडे गेलात की आधी थाळीच्या समोर बघा. चार वर्षांपूर्वी बसवली तेव्हा समोर मोकळं आभाळ होतं. आता तिथे माडाची झावळ आलीय, वाऱ्याने हलते, आणि प्रत्येक हेलकाव्याला क्षणभर सिग्नल कापते. वारा असेल त्या दिवशी खराब आणि पडलेला असेल त्या दिवशी ठीक, असं होत असेल तर जवळजवळ नक्की हेच. झावळ तोडायची, आणि फणस किंवा काजू असेल तर थाळीच हलवायची, कारण त्याच्या फांद्या पुन्हा येणार.

मग केबलची टोकं. खारी हवा तांब्याला खाते. थाळीच्या तोंडाशी, म्हणजे एलएनबीवर, फिरकीचा जो कनेक्टर असतो तो सोडून बघा. आतली तार हिरवट झाली असेल तर टोक कापून नवा कनेक्टर लावा. वर आपोआप चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळा. साधा काळा इन्सुलेशन टेप दोन पावसाळेही टिकत नाही, त्याचा गोंद मेमध्येच वितळतो. घरात शिरायच्या आधी केबलला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून गळून पडेल, केबलीवरून सरळ ट्यूनरपर्यंत चालत जाणार नाही. इतकं करून मुसळधार पावसात थोडं तुटणारच. थाळी एक माप मोठी घेतली तर फरक पडतो, पण ढगफुटीला उपाय नाही.

थाळी ठीक, त्रुटी तरीही? मग रेकॉर्डिंग कुठे लिहिलं जातंय ते बघा. ट्यूनर एका खोलीत, डिस्क दुसऱ्या खोलीत आणि मध्ये वाय-फाय असं असेल तर ते बदला. डिशवरून येणारा प्रवाह कुणासाठी थांबत नाही. हवेत दोन-चार सेकंद अडथळा आला की तेवढा कार्यक्रम गेला. डिस्क ट्यूनरच्याच मशीनला हवी.

थांबत नाही, पण धक्के बसतात

याबद्दल थोडक्यात, कारण उपाय सोपा आहे. आपल्याकडचं प्रसारण सेकंदाला 25 चित्रांचं, आणि तेही बहुतेक वेळा अर्ध्या-अर्ध्या ओळींचं, म्हणजे सेकंदाला 50 अर्धी चित्रं. टीव्हीला जोडलेला अँड्रॉइड बॉक्स मात्र बहुधा 60 हर्ट्झवर अडकून बसलेला असतो. पन्नास चित्रं साठ घरांत बसवायची तर दर सेकंदाला दहा चित्रं दोनदा दाखवावी लागतात, आणि तोच तो बारीक धक्का. कोडीमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट जुळवून घेण्याचा पर्याय आहे, तो कार्यक्रम सुरू होताना आणि थांबताना असा ठेवा. अँड्रॉइड टीव्हीच्या डिस्प्ले सेटिंगमध्येही चित्राच्या गतीशी जुळवून घेण्याचा असाच पर्याय मिळतो. हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसत असतील तर डीइंटरलेसिंग चालू करा. राउटरला हात लावू नका, तो इथे निर्दोष आहे.

जागा बदलत असेल तर

आता खरं काम. आधी गरज किती ते मोजा. फाइलचा आकार गिगाबाइटमध्ये घ्या, 8000 ने गुणा, कार्यक्रमाच्या सेकंदांनी भागा. एका तासाचं साधं रेकॉर्डिंग 2 जीबी असेल तर 16000 भागिले 3600, म्हणजे साधारण साडेचार एमबीपीएस. तासाला 5 जीबीचं एचडी असेल तर अकरा. हे काही फार नाही. कुठल्याही राउटरच्या खोक्यावर 300 किंवा 1200 छापलेलं असतं. पण खोक्यावरचा आकडा हवेतल्या एकूण गोंधळाचा आहे, पदरात पडतो तो त्याच्या निम्मासुद्धा नसतो. शिवाय सरासरी साडेचार असलं तरी गर्दीच्या, धावपळीच्या दृश्यात मागणी बरीच वर जाते. वाट गरजेच्या तिप्पट-चौपट रुंद असली की निर्धास्त राहता येतं.

वाट मोजायला आयपर्फ3 नावाचं फुकट साधन आहे. सर्व्हरवर ते ऐकत बसवा, फोनवर त्याचं अॅप घ्या आणि फोन टीव्हीला चिकटवून धरा. टीव्हीजवळ, टीव्हीसमोरच्या खुर्चीत नव्हे. टीव्हीचा अँटेना त्याच्या पाठीमागे, भिंतीला टेकलेला असतो आणि पुढे त्याचाच पत्रा आडवा येतो. एक मिनिटभर मोजा आणि सरासरी बघू नका, सर्वांत खालचा आकडा बघा. सरासरी 40 आणि मध्येच दोन सेकंद शून्य, असं दिसलं तर दोष सापडला म्हणून समजा.

ज्या घरांत ही तक्रार असते त्यांतल्या बहुसंख्य घरांत कारण एकच निघतं: सर्व्हरसुद्धा वाय-फायवर आहे. वाय-फायची हवा म्हणजे वहाळावरचा साकव. एका वेळी एकानेच जायचं, समोरून कुणी येत असेल तर थांबायचं. सर्व्हर वाय-फायवर आणि टीव्हीही वाय-फायवर, म्हणजे तोच तुकडा साकवावरून दोनदा जातो: एकदा सर्व्हरकडून राउटरकडे, पुन्हा राउटरकडून टीव्हीकडे. वाट तिथेच निम्मी झाली. मध्ये रिपीटर लावला असेल तर आणखी एक फेरी. सर्व्हर राउटरला वायरने जोडा. एक-दोन मीटरची केबल, दोनशे रुपयांच्या आतलं काम. पुष्कळ ठिकाणी तक्रार इथेच संपते आणि मग माझ्यासारख्याला चहा पिऊन परत यावं लागतं.

नाही संपली, तर भिंती. कोकणातलं जुनं घर चिऱ्याचं. जांभा दगड सच्छिद्र, भिंत जाड आणि त्यात दगडात लोह. पावसाळ्यात ही भिंत पाणी पिते. ओल वर चढते, ती दिवाळीपर्यंत उतरत नाही. पाणी लहरी शोषतं, म्हणून एप्रिलमध्ये माजघरात व्यवस्थित चालणारा टीव्ही श्रावणात अडखळतो, आणि मधल्या काळात राउटर कुणी हलवलेलाही नसतो. फोनवर वाय-फायची ताकद दाखवणारं एखादं अॅप घ्या आणि भिंतीच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून बघा. आकडे उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे 65 च्या आसपास व्हिडिओ सुखाने चालतो, उणे 75 च्या खाली आशा सोडा. दर तीन आकड्यांना शक्ती निम्मी होते, त्यामुळे एका भिंतीने बारा आकडे खाल्ले म्हणजे सोळापैकी एकच भाग पलीकडे पोचला.

आणि राउटर असतो कुठे? फायबरवाला पडवीत वायर घेऊन येतो आणि तिथेच खिडकीशेजारी खिळा ठोकून राउटर टांगतो. तिथून ओटी, मग माजघर, मग टीव्हीची खोली, म्हणजे तीन चिऱ्यांच्या भिंती. घराच्या अर्ध्या भागावर पत्रे असतील तर त्या बाजूची बातच सोडा, पत्र्यापलीकडे काही जात नाही. राउटर माजघरात आणा. फायबरची तार लांबवायला माणूस लागतो, पण राउटर किंवा दुसरा अॅक्सेस पॉइंट साध्या लॅनच्या वायरने पुढे नेता येतो आणि ती वायर शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. माळ्यावरून न्यायची तर पीव्हीसी पाइपातून न्या. उघडी टाकलीत तर पहिल्या पावसात आत आलेले उंदीर ती कुरतडणार. टीव्हीपर्यंत वायर पोचवलीत तर मग वाय-फायचा प्रश्नच मिटला. पुष्कळ टीव्हींचं वायरचं पोर्ट 100 एमबीपीएसचंच असतं म्हणून लोक नाक मुरडतात. रेकॉर्डिंगला लागतात अकरा. शंभर पुरून उरतात.

वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी कुठला वापरावा यावर सरळ उत्तर नाही. 2.4 गिगाहर्ट्झ भिंतीतून बरं जातं पण तिथे गर्दी आहे, 5 गिगाहर्ट्झ मोकळं आणि वेगवान पण ओल्या चिऱ्यापुढे गुडघे टेकतं. माझं मत असं: राउटर आणि टीव्ही यांच्यात एकच भिंत असेल तर 5, दोन असतील तर मोजून ठरवा, तीन असतील तर वायर. 2.4 वापरणारच असाल तर चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकी एक पक्का करा आणि पट्ट्याची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. 3 किंवा 8 निवडून कुणी हुशार होत नाही, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा गोंगाट तेवढा पदरी पडतो. 5 वर 36 ते 48 हे चॅनल घ्या. 52 पासून पुढे 144 पर्यंतच्या चॅनलवर रडारला अग्रहक्क आहे. राउटरला रडार ऐकू आलं असं नुसतं वाटलं तरी त्याला चॅनल सोडावा लागतो, आणि त्या स्थलांतरात टीव्हीचं कनेक्शन तुटतं. रात्री मध्येच एकदा पूर्ण तुटून मिनिटभराने आपोआप सुरू होत असेल तर राउटरच्या लॉगमध्ये याची नोंद शोधा.

वाय-फायच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए2 सोबत एईएस ही कुलपाची पद्धत असू द्या. जुन्या राउटरवर टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलेली असेल तर नव्या पद्धतीचे वेग वापरताच येत नाहीत, सगळं 54 एमबीपीएसच्या आत कोंडलं जातं. एक खूण बदलायची एवढंच काम आहे, पण ते कुणी बघत नाही.

काही कारणं अशी आहेत की ती कुणाला सुचणार नाहीत. कुडाळकडच्या एका मामींचा प्रश्न होता, "रे, ह्यो टीव्ही नेमको जेवणाच्या टायमाकच कसो थांबता?" त्या अगदी नेमकं सांगत होत्या. जेवणाच्या वेळी मायक्रोवेव्ह चालू होतो, तो 2.45 गिगाहर्ट्झवर अन्न तापवतो आणि त्याच्या दारातून थोडीशी गळती होतेच. टीव्ही 5 गिगाहर्ट्झवर नेल्यावर आमटी आणि मालिका दोन्ही एकदम चालू राहिल्या.

त्याहून फसवं कारण म्हणजे यूएसबी 3.0 ची डिस्क. यूएसबी 3.0 च्या केबलमधून जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इंटेलने 2012 मध्ये यावर सविस्तर लिहिलेलं आहे. निळ्या टोकाची डिस्क रास्पबेरी पायला चिकटून ठेवली आणि पाय 2.4 वर असेल, तर गंमत अशी होते की नुसतं बसून असताना कनेक्शन उत्तम, आणि रेकॉर्डिंग वाचायला लागलं की ढासळतं. पिंग करून, म्हणजे छोटी हाक पाठवून उत्तर येतं का ते पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. डिस्क लांब केबलीने अर्धा मीटर दूर न्या, चांगलं कवच असलेली केबल घ्या किंवा त्याच डिस्कला यूएसबी 2.0 च्या काळ्या पोर्टमध्ये लावा. वेग कमी झाला तरी व्हिडिओला तो पुष्कळ आहे. सर्व्हर वायरने जोडला असेल तर हा प्रश्न उरत नाही, पण डिस्क राउटरलाच लावली असेल तर उरतो.

गणपतीतला प्रकार

चतुर्थीच्या आदल्या दिवशी चाकरमानी येतात आणि घरातले दोन फोन पंधरा होतात. इथे लोकांना वाटतं की सगळे रील बघतात म्हणून टीव्ही अडतो. रील बघण्याने फारसं बिघडत नाही. बिघडवतो तो खळ्यातल्या टोकाला, मांडवाखाली बसलेल्या भाच्याचा फोन. तो राउटरपासून इतका लांब आहे की राउटरला त्याच्याशी अगदी संथ बोलावं लागतं, आणि वर तो आरतीचे व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढवतोय. साकवावर एक म्हातारबाबा काठी टेकत निघाले की मागच्या सगळ्यांनी त्यांच्याच चालीने चालायचं. एक संथ फोन जेवढा वेळ हवा अडवतो तेवढ्यात टीव्हीचं कितीतरी काम झालं असतं.

उपाय तांत्रिक कमी आणि कौटुंबिक जास्त आहे. राउटरवर दोन वेगळी नावं करा. 5 गिगाहर्ट्झचं नाव टीव्हीसाठी आणि त्याचा पासवर्ड कुणालाही, अगदी जावयालाही, सांगायचा नाही. 2.4 वर पाहुण्यांचं नेटवर्क, त्याचा पासवर्ड मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ओटीवर चिकटवा. सगळ्यांना न विचारता मिळाला की दुसरा कुणी मागत नाही. दोन्ही पट्टे एकाच नावाखाली ठेवणारी जी स्मार्ट सोय राउटरमध्ये असते ती बंद करावी लागेल, नाहीतर राउटर स्वतःच्या मर्जीने टीव्हीला 2.4 वर ढकलतो. राउटरच्या सेटिंगमध्ये एअरटाइम फेअरनेस असा पर्याय असेल तर तो चालू करा, तो संथ फोनला ठरावीक वेळेपेक्षा जास्त हवा देत नाही. आणि फोटोंचा बॅकअप रात्री लावा असं सगळ्यांना एकदाच, जेवणाच्या पंगतीत सांगा.

सर्व्हर दमत असेल तर

आयपर्फमध्ये सगळं हिरवंगार, रेकॉर्डिंग स्वच्छ, तरी अडखळतंय. मग सर्व्हर काय करतोय ते बघा. फ्री डिशवरच्या अनेक वाहिन्या अजून एमपेग-2 या चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीत आहेत. ब्राउझर एमपेग-2 चालवत नाहीत, काही टीव्हींची अॅपही नाही. मग जेलीफिन ते रेकॉर्डिंग तिथल्या तिथे एच 264 या नव्या पद्धतीत बदलून पाठवायला लागतं. इतक्या घाईने ते काम रास्पबेरी पायला सहसा झेपत नाही. कार्यक्रम चालू असताना जेलीफिनच्या डॅशबोर्डवर ट्रान्सकोडिंग असं लिहिलेलं दिसलं आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर वाय-फायला शिव्या देणं थांबवा.

सर्वांत स्वस्त उपाय, टीव्हीवर कोडी किंवा व्हीएलसी घाला. ही दोन्ही एमपेग-2 स्वतःच उलगडतात, सर्व्हरला फाइल नुसती पुढे सरकवायची राहते. ब्राउझरमधूनच बघायचं असेल तर रात्री सगळे झोपल्यावर सर्व्हरला सावकाश रूपांतर करू द्या. घाई नसते तेव्हा पायसुद्धा ते करतो.

पाय तापूनही दमतो. 80 अंशांना तो आपला वेग कमी करायला लागतो, आणि मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर बंद डब्यात ठेवला तर 80 ला पोचायला त्याला कष्ट पडत नाहीत. तसंच वीज. त्याला मिळणारा दाब 4.63 व्होल्टच्या खाली गेला की तो पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण दाखवतो. फोनच्या चार्जरवर चालवलेल्या पायला डिस्कही जोडली असेल तर डिस्क वाचायला लागताच दाब पडतो, आणि कधी कधी डिस्क क्षणभर नाहीशीच होते. पाय 4 ला त्याचा स्वतःचा 3 अँपिअरचा अॅडॉप्टर लागतो. डिस्कला शक्यतो वेगळी वीज द्या. दिवे जात-येत असतील तर राउटर आणि सर्व्हर दोन्ही छोट्या यूपीएसवर हवेत, कारण इन्व्हर्टर जागा होईपर्यंतच्या पापणी लवण्याइतक्या वेळात राउटर बंद पडतो आणि उठून बसायला दोन मिनिटं घेतो.

साठवण वाढवणं

सगळं केलं आणि तासाभरात एखादाच झटका उरला असेल तर प्लेअरची साठवण, म्हणजे पुढचा भाग आधीच आणून ठेवायची जागा, वाढवा. कोडीच्या 21 व्या आवृत्तीपासून ही सोय सेटिंगमधल्या सर्व्हिसेसमध्ये, कॅशिंग या नावाखाली मिळते. आधीच्या आवृत्त्यांत मूळ साठवण 20 एमबीची असायची. साडेचार एमबीपीएसच्या रेकॉर्डिंगला ते अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त होतं, अकराच्या एचडीला पंधरा सेकंदांच्या आत. बॉक्समध्ये 2 जीबी मेमरी असेल तर 100 एमबी करायला हरकत नाही. पण हे शेवटी करायचं. आधीच केलंत तर मूळ दोष झाकला जातो आणि गणपतीत पुन्हा उघडा पडतो.

उरतो प्रश्न खळ्यापलीकडच्या मांगराचा, म्हणजे गुरांच्या-सामानाच्या वेगळ्या इमारतीचा, जिथे आता खोल्या काढल्यात आणि पाहुण्यांना टीव्हीही हवाय. तिथपर्यंत ओल्या झाडांमधून 5 गिगाहर्ट्झ पोचत नाही आणि 2.4 पोचलं तरी पावसात भरवसा नाही. सरळ लॅनची वायर पुरायचा मोह होतो. तो टाळा. दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची तार असली की वळिवाच्या आणि परतीच्या पावसातली वीज जवळपास कुठेही पडली तरी दोन्ही टोकांची यंत्रं जाऊ शकतात, राउटरसकट टीव्हीही. पाइपातून धातूची तार नसलेली फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅनची वायर जोडणारी डबी, लावा. काच वीज वाहत नाही. एवढा खर्च या हंगामात नको असेल तर रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घाला आणि मांगरातल्या टीव्हीला लावून द्या. फक्त 4 जीबीहून मोठी फाइल असेल तर पेन ड्राइव्ह आधी एक्सफॅट करून घ्या, फॅट32 वर ती बसत नाही. आणि त्या टीव्हीला एक्सफॅट वाचता येतं ना, ते पाहुणे यायच्या आधी बघून ठेवा.